मुलांचे सर्जन नेमकं काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांची सर्जन आहे. ओपीडीत पहिल्यांदा येणाऱ्या आईवडिलांपैकी निम्मे तरी दारातच सांगतात, "आम्हाला इकडे पाठवलंय, पण का ते नीट कळलं नाही." घाबरलेल्या माणसाला समोर बसून सांगितलेलं फारसं लक्षात राहत नाही, म्हणून रोज विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. घरी निवांत वाचा.

बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचे सर्जन एकच ना?

नाही. ताप, खोकला, लसी, वजन, वाढ, औषधोपचार हे सगळं बालरोगतज्ज्ञ बघतात. ज्या आजारात ऑपरेशन लागू शकतं, तो आमच्याकडे येतो. "लागू शकतं" हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आमच्याकडे पाठवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. कित्येक मुलांना मी फक्त तपासते, आईवडिलांना समजावून सांगते आणि सहा महिन्यांनी परत या म्हणते.

मोठ्यांची ऑपरेशनं करणारे अनुभवी सर्जन असतात. मग मुलांसाठी वेगळे कशाला?

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याचा अर्थ मात्र टेबलापाशी उभं राहिल्यावरच कळतो.

रक्ताचंच बघा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. म्हणजे तीन किलोच्या बाळाचं सगळं रक्त मिळून अडीचशे मिलीच्या आसपास, एका पेल्यात मावेल इतकं. मोठ्या माणसाचं २५ मिली रक्त गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. या बाळाच्या बाबतीत तो दहावा हिस्सा झाला. म्हणून रक्त टिपलेला प्रत्येक गॉज आमची सिस्टर तराजूवर ठेवते. कोरड्या गॉजचं वजन वजा केलं की एक ग्रॅमला साधारण एक मिली असा हिशोब लागतो, आणि ती आकडा मोठ्याने सांगते: चार, सात, नऊ.

तीच गोष्ट उबेची. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यामुळे ते भराभर गार पडतं. नवजात बाळाला कुडकुडून अंग तापवताही येत नाही. म्हणून बाळ आत आणण्याआधी आम्ही थिएटर तापवतो. आम्ही घामाने भिजतो आणि बाळ ऊबदार राहतं.

पण सर्वांत मोठा फरक वेगळाच आहे. मूल वाढणार असतं. आज मी तीन किलोच्या बाळाची आतडी जोडते, तो सांधा पुढे साठ किलोच्या माणसाच्या पोटात काम करणार असतो. त्यामुळे कुठे विरघळणारा धागा घ्यायचा, टाके किती अंतरावर घालायचे, काय काढायचं आणि काय राखायचं, हे सगळं पुढच्या सत्तर वर्षांचा विचार करून ठरवावं लागतं. मुलांच्या सर्जनचं वेगळेपण मला हातांच्या कौशल्यापेक्षा या विचारात जास्त दिसतं.

तुमच्याकडे कोणकोणते आजार येतात?

काही जन्मतःच असतात. अन्ननलिका मध्येच बंद असणं, शीची जागा तयारच न होणं, आतडं एखाद्या ठिकाणी तुटक असणं, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला भोक असणं. असा एकेक दोष काही हजार बाळांमागे एकात सापडतो. अन्ननलिका बंद असल्याचं निदान बऱ्याचदा साध्या नळीवरून होतं. तोंडातून किंवा नाकातून घातलेली नळी साधारण दहा सेंटिमीटरवर अडते, पुढे जातच नाही. बाळ तोंडातून फेस काढत असतं आणि दूध पाजलं की ठसकून निळं पडतं. अशा वेळी दूध थांबवून बाळाला लगेच आमच्याकडे पाठवणारी प्रसूतिगृहातली सिस्टर त्या बाळाचा जीव वाचवत असते.

मग रोजचं काम: हर्निया, अंडकोशात पाणी भरणं, वृषणाची गोळी अंडकोशात खाली न उतरणं, शूची वाट लिंगाच्या टोकाऐवजी खाली उघडणं, अपेंडिक्स, आतड्यात आतडं शिरणं, गिळलेली नाणी आणि बॅटऱ्या, अपघातात पोटाला बसलेला मार. मुलांमधल्या कर्करोगाच्या गाठीही येतात. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरचं नाव ऐकून आईवडील कोलमडतात. पण नीट उपचार मिळाले तर आज यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगते.

हृदय, मेंदू आणि हाडं यांचे मुलांसाठीचे सर्जन बहुधा वेगळे असतात.

ही शाखा किती जुनी आहे?

शाखा म्हणून फार जुनी नाही. १९१७ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. मदतीला गेलेल्या बॉस्टनच्या डॉक्टरांमध्ये विल्यम लॅड होते. पुढे त्यांनी स्वतःला मुलांच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतलं. पीळ पडलेल्या आतड्याचं जे ऑपरेशन आम्ही आजही करतो, ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यांच्या हाताखालच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद न झालेली रक्तवाहिनी बांधून दाखवली. १९४१ मध्ये मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेट यांनी बंद अन्ननलिका एकाच ऑपरेशनमध्ये जोडली आणि ते बाळ जगलं. त्याआधी हा दोष म्हणजे जवळपास मृत्यूच होता.

मला विशेष आदर वाटतो तो जपानच्या मोरिओ कासाई यांच्याबद्दल. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांचं काहीच करता येत नाही असं सगळे मानत होते, तेव्हा त्यांनी आतड्याची वळी थेट यकृताला जोडली. १९५९ मध्ये त्यांनी ते मांडलं. आज जगभर त्यांच्याच नावाने हे ऑपरेशन होतं.

मुलांचे सर्जन व्हायला किती वर्षं शिकावं लागतं?

प्रत्येक देशाची वाट वेगळी आहे, पण छोटी कुठेच नाही. भारतात इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस आणि त्यावर तीन वर्षांचं पीडियाट्रिक सर्जरीचं एमसीएच. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. अमेरिकेत मेडिकल स्कूलनंतर किमान पाच वर्षं जनरल सर्जरी आणि पुढे दोन वर्षं मुलांची. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं पायाभूत प्रशिक्षण आणि मग साधारण आठ वर्षं या विषयाची. यानंतरही कुणी मुलांची मूत्रशल्यचिकित्सा, कुणी यकृत प्रत्यारोपण, कुणी कर्करोग यात आणखी एकदोन वर्षं घालवतं. थोडक्यात, बारावी झालेली मुलगी स्वतंत्रपणे नवजात बाळाचं ऑपरेशन करू लागते तेव्हा तिशी उलटलेली असते.

एवढी वर्षं शिकतात तरी काय?

सुरुवातीला गाठी मारायला. केसाइतक्या बारीक धाग्याची गाठ, तीही ओल्या कागदासारख्या नाजूक आतड्यावर, न ओढता आणि न फाडता. खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून शेकडो गाठी मारलेल्या नाहीत असा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मला अजून भेटलेला नाही. चष्म्यावर बसवलेल्या भिंगांमधून बघायची सवय व्हायलाच काही महिने जातात.

मग हाताने तपासायला शिकायचं. हे मला फार मोलाचं वाटतं. महिना-दीड महिन्याच्या बाळाच्या जठराचं तोंड जाड झालं की ते दूध लांब फेकतं आणि लगेच पुन्हा भुकेलं होतं. ती जाड गाठ बोटाला लागते, पण बाळ रडत असेल तर पोट कडक होतं आणि काहीच कळत नाही. म्हणून आधी आपले हात चोळून गरम करायचे, बाळाला आईच्या मांडीवर राहू द्यायचं, चोखायला काहीतरी द्यायचं, त्याच्या डाव्या बाजूला बसायचं आणि पोटावर बोटं ठेवून नुसती वाट बघायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाळ सैल झालं की बोटाखालून बोराएवढी टणक गाठ सरकते. आता सोनोग्राफीत ती सहज दिसते हे खरं आहे. पण जो हे शिकला तो बाळाजवळ थांबायला शिकला, म्हणून मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना असं बसवते.

याशिवाय सलाईन आणि औषधांचा वजनानुसार हिशोब, पेटीतल्या बाळाची देखभाल, रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या घालणं, भूलतज्ज्ञांशी जुळवून काम करणं. आणि वाईट बातमी कशी सांगायची तेही. ते पुस्तकातून येत नाही. आपले वरिष्ठ एखाद्या बापाशेजारी गप्प कसे बसतात हे बघून येतं.

एवढ्याशा बाळाला भूल सोसेल का? मेंदूवर परिणाम होईल का?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. भूल देणारे डॉक्टर मुलांच्या सवयीचे असतील तर आज भूल बरीच सुरक्षित आहे. मेंदूबद्दल बोलायचं तर हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या तान्ह्या बाळांचा अनेक देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला. साधारण तासाभराची पूर्ण भूल मिळालेली मुलं आणि फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा बुद्धीत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्ये सावध केलं होतं ते तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हापुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलीबद्दल. म्हणून थांबवता येण्यासारखं ऑपरेशन आम्ही थांबवतो. जे थांबवून चालत नाही, ते भुलीच्या भीतीने पुढे ढकलणं बाळाला जास्त महागात पडतं.

तुमचं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर ते आधीच सांगा. अशी बाळं भुलीनंतर मध्येच श्वास घ्यायची थांबू शकतात, त्यामुळे छोट्या ऑपरेशननंतरही त्यांना रात्रभर मॉनिटरवर ठेवतात.

तान्ह्या बाळाला दुखतं का हो?

दुखतं. पण डॉक्टरांना हे मान्य करायला फार उशीर लागला. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी नाममात्र भुलीवर, वेदनाशामक न देता होत असत. बाळाची मज्जासंस्था कच्ची आहे, त्याला कळत नाही, असा समज होता. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना दाखवून दिलं की नीट वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीरावर प्रचंड ताण येतो आणि ती ऑपरेशननंतरही जास्त खालावतात. १९८७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि पद्धती बदलू लागल्या. त्याआधीच्या बाळांनी जे सोसलं त्याचं मला वाईट वाटतं. त्यामुळे माझ्या वॉर्डात "बाळच आहे, रडणारच" हे वाक्य मी चालू देत नाही. तुमचं बाळ ऑपरेशननंतर कळवळत असेल तर सिस्टरला लगेच बोलवा आणि पुन्हापुन्हा बोलवा.

किती वेळ उपाशी ठेवायचं?

सर्वसाधारण नियम असा: जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी, अंगावरचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. काही ठिकाणी पाणी तासभर आधीपर्यंत चालतं. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. "थोडंसंच दिलं" हे मात्र कधीही लपवू नका. पोटातलं दूध भुलीत फुप्फुसात जाऊ शकतं. खरं सांगितलंत तर फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल.

एका मुलाला लगेच ऑपरेशन सांगता आणि दुसऱ्याला दोन वर्षं थांबा म्हणता. असं का?

कारण मुलाचं शरीर काही गोष्टी स्वतःच दुरुस्त करतं आणि काही कधीच नाही. बेंबी फुगलेली असेल तर बहुतेकांची चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. त्यावर नाणं बांधू नका, पट्टा लावू नका. अंडकोशात नुसतं पाणी असेल तर ते बहुधा पहिल्या एकदोन वर्षांत जिरतं. लहान मुलाची लिंगावरची कातडी मागे न जाणं हे नैसर्गिक आहे. ती जोर लावून मागे ओढली की चिरते, व्रण धरते आणि जिथे ऑपरेशन लागलंच नसतं तिथे ते लागतं.

जांघेतला हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही. त्यात आतडं अडकू शकतं, तान्ह्या बाळात तर जास्तच, म्हणून तिथे आम्ही फार थांबत नाही. न उतरलेल्या गोळीची सहा महिन्यांपर्यंत वाट बघायची आणि नाही उतरली तर दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करायचं. कधी कधी गोळी नुसती लाजरी असते, आंघोळीच्या कोमट पाण्यात खाली दिसते आणि थंडी वाजली की वर जाते. तिला ऑपरेशन बहुधा लागत नाही, पण दरवर्षी तपासून घ्या. शूची वाट खाली उघडत असेल तर आधी सुंता करू नका. दुरुस्तीला तीच कातडी लागते.

छातीच्या पडद्याला भोक असलेल्या बाळाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. पूर्वी जन्मल्याबरोबर धावपळ करून ऑपरेशन करायचे. आता आधी बाळाचा श्वास आणि फुप्फुसातला रक्तदाब स्थिर होऊ देतात, मग काही दिवसांनी ऑपरेशन करतात. बाहेर बसलेल्या वडिलांना वाटतं की डॉक्टर काहीच करत नाहीत. त्या थांबण्यात पूर्ण टीम दिवसरात्र गुंतलेली असते.

कशासाठी रात्रीबेरात्री धावत यायचं?

तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर. पांढऱ्या दुधाची किंवा फाटलेल्या दह्यासारखी नव्हे, पानासारखी हिरवी. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तसा असला तर काही तासांत पूर्ण आतडं काळं पडतं. सकाळपर्यंत वाट बघू नका. उलटी लागलेलं कापड सोबत आणा, मला रंग बघायचा असतो.

बाळ थांबून थांबून, पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, मध्ये मलूल पडत असेल आणि शीतून रक्तमिश्रित शेंबूड पडत असेल तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लवकर आलात तर बहुतेकदा शीच्या जागेतून हवा किंवा सलाईन सोडून ते सुटतं, पोट उघडावं लागत नाही.

मुलाची गोळी अचानक दुखू लागली, सुजली तर साधारण सहा तास हातात असतात. मोठी मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

बटणासारखी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत जखम होते. एकापेक्षा जास्त लोहचुंबक गिळले तरी तितकीच घाई करा.

आणि एक न दुखणारं लक्षण. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून आहे आणि शी फिकी, मातकट-पांढरी आहे. हे बाळ हसतं-खेळतं असतं, त्यामुळे घरचे निर्धास्त असतात. पित्तनलिका बंद असेल तर कासाईंचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालेलं उत्तम. तीन-चार महिन्यांचं बाळ या तक्रारीने येतं तेव्हा मला फार हळहळ वाटते, कारण तोवर यकृत निबर झालेलं असतं.

लहान मुलांचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं का?

होतं, अगदी नवजात बाळाचंही. त्यासाठी तीन मिलिमीटर जाडीची हत्यारं असतात. पण प्रत्येक ठिकाणी दुर्बीण म्हणजेच चांगलं असं नाही. तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे ती पद्धत बाळासाठी जास्त सुरक्षित असते.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दोष दिसला. आम्ही काय करावं?

प्रसूतीआधीच मुलांच्या सर्जनला भेटा. दोष काय आहे, ऑपरेशन लागेल का, कधी आणि प्रसूती कुठे व्हावी, हे तेव्हाच ठरवता येतं. बाळ पोटात असतानाच करायची ऑपरेशनंही आहेत. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी त्याची सुरुवात केली, पण ती मोजक्याच आजारांत आणि मोजक्याच ठिकाणी होतात. बऱ्याच दोषांत बाळाला पूर्ण दिवस भरू देणं आणि जन्मल्यावर लगेच योग्य हातात पोचवणं हेच सर्वांत महत्त्वाचं ठरतं.

सर्जनला काय विचारावं? जास्त विचारलं तर त्यांना राग येईल अशी भीती वाटते.

हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, नाही केलं तर काय होईल, थांबून चालेल का, भूल कोण देणार, गुंतागुंत झाली तर इथे बाळांचा आयसीयू आहे का. हे सगळं विचारा. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही. आला तर दुसरं मत घ्या.

मुलाला ऑपरेशनबद्दल सांगावं का?

सांगावं, त्याच्या वयाला झेपेल तेवढं आणि खरं. "फिरायला चाललोय" म्हणून आणलेलं मूल थिएटरच्या दारात आईकडे ज्या नजरेनं बघतं ती मला सहन होत नाही. पाच वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मी झोपेतून मध्येच उठले तर?" मी तिला सांगितलं, एक डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्या डोक्याशी बसून असतात, त्यांचं कामच ते आहे. तिने त्या डॉक्टरांना बघायचा हट्ट धरला. भूलतज्ज्ञ आले, तिच्या बाहुलीलाही मास्क लावून दाखवला, आणि मग ती स्वतःच्या पायांनी आत चालत गेली.

ऑपरेशन झालं, टाके सुकले. आता किती वर्षं तपासणीला यायचं?

साध्या हर्नियाला एकदोनदा पुरे. पण शीच्या जागेचं, मूत्राशयाचं, अन्ननलिकेचं किंवा यकृताचं ऑपरेशन झालं असेल तर मूल मोठं होईपर्यंत. जोडलेली अन्ननलिका पुढे आकसू शकते. शीवर ताबा यायला काही मुलांना शाळेत जायच्या वयापर्यंत मदत लागते. ही तक्रार चारचौघांत सांगता येत नाही म्हणून मुलं गप्प बसतात. त्यावर उपाय आहेत, आमच्याकडे या.

वयात आल्यावर मूल मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातं आणि नेमकी इथे माहिती हरवते. पंचवीस वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी जाते, डॉक्टर पोटावरच्या व्रणाबद्दल विचारतात आणि तिला एवढंच सांगता येतं की लहानपणी काहीतरी झालं होतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची नोंद मागून घ्या. त्यात तारीख, आजाराचं नाव, काय जोडलं, काय काढलं आणि किती आतडं उरलं हे लिहिलेलं असतं. कागदाचा फोटो काढून ठेवा आणि मूल सोळा वर्षांचं झालं की तो त्याच्या स्वतःच्या फोनमध्येही जाऊ द्या.